‘मिसफायर’चा कोड आला म्हणजे कॉइलच गेली का?

पेट्रोल कार झटके द्यायला लागली, पिकअप पडला आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, तर बहुतेक वेळा एखादा सिलिंडर मिसफायर होत असतो. अशा वेळी अकोला ते अमरावती गाडी दामटत नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो.

स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावलं की मोबाइलवर कोड दिसतो. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. बस, एवढंच! कारण त्यात लिहिलेलं नसतं. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कमी कॉम्प्रेशन, यातलं काहीही असू शकतं. तरीही अनेक ठिकाणी कोड पाहून थेट चारही कॉइल बदलतात.

खरी तपासणी फुकटात होते. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा. कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइलच खराब. पी०३०२ तसाच राहिला तर कॉइलवर पैसे घालू नका, आधी प्लग बघा. चालू इंजिनवर कॉइल उपटून बघायची जुनी सवय मात्र सोडा. तिथं हजारो व्होल्ट असतात.

पी०३५२ आला तर संशय दुसऱ्या कॉइलच्या सर्किटवर. इथं वायर आणि कनेक्टर आधी तपासा, उंदरांनी कुरतडलेली वायर हे कारण काही दुर्मीळ नाही. जुन्या गाड्यांत इग्निशन मॉड्यूल वेगळं असायचं. आता ते बहुधा कॉइलमध्ये किंवा ईसीयूमध्येच असतं. ईसीयूवर संशय गेला की साधं डोंगल अपुरं पडतं.

खरा वाद इथंच आहे. प्रमाणित कोड कुणीही वाचू शकतो, पण कंपनीच्या खास कोडना आणि चाचण्यांना तिचा स्कॅनर लागतो. दर्यापूर-मूर्तिजापूरला गाडी बंद पडली तर पहिला आधार नाक्यावरच्या गॅरेजवाल्या भाऊंचाच, आणि नेमका त्यांच्याकडेच तो नसतो. स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात न देणं, हा त्यातला मुख्य ठपका. पुढे अपिलं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आलं, त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि मेकॅनिकच्या हातात परवडणारा स्कॅनर असणं वेगळं.

तोवर बिल देण्याआधी कोडचा स्क्रीनशॉट आणि काढलेली जुनी कॉइल, दोन्ही मागून घ्या.