बालवाडी शोधावी का लागते?

छत्रपती संभाजीनगरात नोकरीच्या बदलीने किंवा पोटापाण्यासाठी नव्याने आलेल्या कुटुंबाला भाड्याचे घर मिळते, गॅसची टाकी मिळते, नळाला पाणी कोणत्या वारी येते हेही शेजारी सांगतात. पण तीन वर्षांच्या मुलाला कुठे घालावे, याचे उत्तर मात्र कोणापाशी नसते. आईबाप सिडकोपासून सातारा परिसरापर्यंत पाट्या वाचत हिंडतात, फीचे आकडे ऐकतात आणि अखेर जिच्या भिंती रंगीत व जिची फी आपल्या ऐपतीच्या किंचित पलीकडची, तीच शाळा चांगली असे मानून मोकळे होतात. चांगली बालवाडी कोणती, हा प्रश्न समाजाने आईबापांच्या गळ्यात बांधला आहे. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न आईबापांना नव्हे, शासनाला विचारला पाहिजे.

या देशाच्या संविधानाने त्याचे उत्तर एकदा दिले होते. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. त्याला वरची वयोमर्यादा होती, खालची नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ही तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती आखडण्याची सूचना आली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. पुढे २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, याचा गाजावाजा झाला. पण त्याच दुरुस्तीने हक्काची रेघ सहाव्या वर्षापाशी ओढली आणि त्याखालच्या मुलांच्या वाट्याला राज्याने ‘प्रयत्न’ करण्याचे आश्वासन आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे अकरावे कलम सांगते की, तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’. करू शकेल, करीलच असे नाही! या एका क्रियापदाच्या फटीतून बाजार आत शिरला.

आणि कसा शिरला? मॉन्टेसरीबाईंचे नाव पाटीवर लावून. त्या विदुषीने आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून उंडारणाऱ्या मुलांसाठी. आज तिच्या नावाची पाटी जिथे झळकते, तिथल्या फाटकाशी कामकऱ्याचे मूल उभेही राहू शकत नाही. महाराष्ट्राची परंपरा तर याहून उज्ज्वल आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले. गरिबांची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातला. पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांनी ताराबाईंच्या सोबतीने हेच काम आदिवासी पाड्यांत रुजवले. चांगल्या बालवाडीची कसोटी या बायांनी घालून दिली आहे. मूल घरी जी भाषा बोलते त्याच भाषेत बालवाडी बोलते का? वाळू, माती, पाणी, बिया, गाणी यांत मुलाचा दिवस जातो का? बाईंपाशी प्रत्येक मुलासाठी वेळ आहे का? जिथे तीन वर्षांच्या कोवळ्या बोटांत पेन्सिल कोंबून पाने भरून घेतली जातात, ती बालवाडी कितीही महाग असली तरी वाईट. कोवळ्या वयात औपचारिक लेखन-वाचन लादू नये आणि प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घेऊ नयेत, हे १९९३ च्या यशपाल समितीनेही बजावले होते.

पण मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची सरकारी अंगणवाडी काय करते, असे कोणी विचारील. ती अनेक ठिकाणी भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत भरते, हे खरे. तिथल्या बाईने मुलांना गाणी कधी शिकवावीत? आहार वाटावा, वजने करावीत, गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवाव्यात, मोबाइलवर माहिती भरावी, वर शासनाचे सर्वेक्षणही करावे. आणि हे सारे करणाऱ्या स्त्रीला शिक्षिका न म्हणता ‘सेविका’ म्हणायचे, वेतन न देता ‘मानधन’ द्यायचे! मान शब्दापुरता, धन नावापुरते. उपदानाचा साधा हक्क मान्य व्हायलासुद्धा एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका संपावर गेल्या, तो संप पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. पांढरपेशा वस्त्यांना त्याची झळ पोचली नाही. आपली मुले आपण अंगणवाडीतून केव्हाच काढून घेतली आहेत. आणि ज्या संस्थेत बोलक्या वर्गाची मुले नाहीत, तिच्या गळक्या छपराची बातमी होत नाही.

वाळूजच्या कामगार वस्त्यांत हा प्रश्न अधिक उग्र होतो. बजाजनगर, रांजणगाव येथील एकेका खोलीत बीड-जालन्याचे कुटुंब राहते, तसे बिहार-उत्तर प्रदेशाचेही. कारखान्याची पाळी आठ तासांची. अंगणवाडी दुपारी बंद. पन्नास वा अधिक लोक कामाला असतील तिथे पाळणाघर हवे, असे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने घातले. पण कंत्राटी कामगार स्त्रीला ना कारखाना आपली म्हणतो, ना कंत्राटदार. थोरल्या मुलीने धाकट्याला सांभाळायचे, ही तिची बालवाडी. आणि त्यापायी थोरलीचीही शाळा सुटते.

पैसा कुठून आणायचा, हा नेहमीचा आक्षेप. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक नगरीसाठी रस्ते आणि वीज आधी आणि गुंतवणूकदार मागून, हा क्रम शासनाला सुचतो. मग कामगारांच्या मुलांनाच पैशाची अडचण का आडवी यावी? २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत पूर्वप्राथमिक शिक्षण सर्वांना देण्याचे वचन दिले आहे. परंतु धोरण म्हणजे हक्क नव्हे. वचनभंगाबद्दल कोर्टाची पायरी चढता येत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण कायद्याने हक्क व्हावे. सेविकेला शिक्षिकेचा दर्जा, प्रशिक्षण आणि वेतन मिळावे. औद्योगिक वस्त्यांत अंगणवाडी पाळीच्या वेळेनुसार दिवसभर चालावी. आणि तोवर? ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिला होता. तो वाळूजच्या चाळींत कोणी वाचून दाखवला? कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी घरोघर मुले मोजावीत, सह्या घ्याव्यात आणि अर्ज दाखल करावेत.

ज्या शहरात निजामी राजवटीत, १९१५ साली, सरस्वती भुवन उभे राहिले आणि १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढले, त्या शहराला शिक्षण ही दुकानात घेण्याची वस्तू नव्हे, हे नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. त्या शिड्यांची सर्वांत खालची पायरी आपण बसवलेली नाही. ती बसवण्याचे काम आता अंगावर घेतले पाहिजे.