मावशी, ही आपली अळंबीच ना?

परवा परसातल्या वारुळावर यंदाची पहिली अळंबी दिसली आणि गेल्या श्रावणातली ती रात्र आठवली. आमच्या नातेवाईकांपैकी बहुतेकांना ती हकिकत ठाऊक आहे, पण अर्धीच. माझी चूक तेवढी तीतून गळली आहे. म्हणून आज पूर्ण लिहिते.

रविवारची सकाळ होती. पुण्याहून भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. त्यांच्या सोसायटीच्या हिरवळीवर पांढरी, बशीएवढी छत्रं उगवली होती. खाली लिहिलं होतं, "मावशी, ही आपली अळंबीच ना गं?" मी चष्मा लावून, फोटो मोठा करून पाहिला आणि उत्तर धाडलं, "हो गं, आपलीच दिसतायत. शिजवताना चांदीचा चमचा घाल. काळा पडला नाही तर खुशाल खा."

दुपारी एकला दोघं जेवली. तीनच्या सुमारास आधी जावयांना आणि मग तिला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी दोघंही सलाइन लावून दवाखान्यात. रात्रभर मी इथे सिंधुदुर्गात फोन उशाशी घेऊन बसून होते. दोन दिवसांनी ती घरी आली, तेव्हा हसत म्हणाली, "मावशी, चमचा मात्र शेवटपर्यंत लखलखीत होता हं!" तिने एका शब्दानेही मला दोष दिला नाही. तेच जास्त लागलं.

आता कबुलीचा भाग. ही चमच्याची परीक्षा मी फक्त भाचीलाच सांगितली असं नाही. शाळेत बुरशीचा धडा आला की मी ती वर्गालाही सांगत असे, आणि मुलं वहीत उतरवून घेत. किती वर्षं, किती वर्ग.. हिशेब नको वाटतो. मी ती कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, कधी करूनही पाहिली नव्हती. लहानपणी ऐकली होती, एवढंच. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अळंबीतल्या विषाचा तिच्याशी काही संबंध नाही. लसूण टाकून रंग पाहणं, किडा-गोगलगाय खाते म्हणून ती चांगली समजणं, हेही तसंच निराधार. माणसाचं यकृत निकामी करणारी अळंबी गोगलगाय खुशाल खाते आणि तिला काही होत नाही.

भाचीने एक न शिजवलेलं छत्र कागदात गुंडाळून ठेवलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंनी ते पांढऱ्या कागदावर, कल्ल्यांची बाजू खाली करून, रात्रभर ठेवलं. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडलेली. क्लोरोफायलम मोलिब्डाइट्स असं भारदस्त नाव आहे तिचं. पावसानंतर हिरवळीवर उगवते, कोवळेपणी कल्ले पांढरेच असतात, जून झाल्यावर हिरवट होतात. मी फोटोत पाहिली ती कोवळी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, "खाल्लं किती वाजता आणि त्रास सुरू झाला किती वाजता?" त्याचं कारण मला नंतर कळलं. एक-दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुधा पोटापुरतं दुखणं असतं. जिला इंग्रजीत 'डेथ कॅप' म्हणतात ती आणि तिच्या जातकुळीतल्या जीवघेण्या अळंब्या मात्र सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ गप्प राहतात. मग उलट्या-जुलाब होतात, पुढे एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच दिवसात आत यकृत नासत असतं. ते विष उकळून जात नाही, वाळवूनही जात नाही. आणि दोन जातींची छत्रं एकत्र शिजली असतील तर लवकर झालेल्या उलट्यांवरही विसंबता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी दोघांना दोन दिवस सोडलं नाही.

तेव्हापासून मी विचार करतेय, की माझी आजी सत्तर-पंचाहत्तर पावसाळे अळंबी खात आली, आम्हाला खाऊ घालत आली, कधी कुणाचं पोटही दुखलं नाही. मग तिला असं काय कळत होतं जे मला कळलं नाही?

आजीला अळंबी 'ओळखता' येत होती असं आपण म्हणतो. खरं तर तिला वारुळं ठाऊक होती. आंब्याखालचं, पाणंदीच्या वळणावरचं, देवराईच्या कडेचं. कोणत्या वारुळावर आषाढात येते, कोणत्यावर श्रावणात, हे तिला तोंडपाठ. पहाटे टोपली घेऊन निघायची, जागा कुणाला सांगायची नाही. दुसरीकडे दिसलेलं छत्र कितीही देखणं असो, हात लावायची नाही. आम्ही विचारलं तर म्हणायची, "ती आपली नव्हे."

आणि तिच्या वारुळाच्या हट्टामागे मोठी गोष्ट होती. आपली ही अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसिस, वाळवीच्या जोडीनेच जगते. वाळवी पाला-लाकूड चावून वारुळात पोळ्यासारखे थर रचते, त्यावर ही बुरशी वाढते, आणि वाळवी ती खाते. तीन कोटी वर्षांची भागीदारी आहे ही. पावसाळ्यात बुरशीचा देठ खालून माती फोडून वर येतो. म्हणून देठ मुळासारखा थेट वारुळात गेलेला असतो. गोव्यात तिला ओळमी म्हणतात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे सात्या. गोवा विद्यापीठात डॉ. नंदकुमार कामत यांनी तिचा बरीच वर्षं अभ्यास केला. आता सांगा, जमिनीखालचा तो देठ मला फोटोत दिसणार होता का?

म्हणजे आजीचं ज्ञान खरं होतं, पण ते त्या पाच-सात वारुळांपुरतं होतं. मी ते उचललं आणि पुण्याच्या हिरवळीवर नेऊन ठेवलं. तिथे त्याची किंमत शून्य.

ही चूक माझ्या एकटीची नाही. आग्नेय आशियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या लोकांनी तिथे डेथ कॅप खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. त्यांच्या गावाकडे भाताच्या पेंढ्यावर उगवणारी चवदार अळंबी कोवळेपणी हुबेहूब तशीच दिसते. ती माणसं अडाणी नव्हती, जाणती होती. फक्त जाणतेपण दुसऱ्या मातीतलं होतं. (बे एरियातल्या आमच्या पुतण्याने हा परिच्छेद दोनदा वाचावा. तिथे ओकच्या झाडाखाली थंडीच्या पावसात ती उगवते.) आणि आपल्याच मातीतही गाफील राहून चालत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण दगावले, त्यांतले बरेचसे चहामळ्यांतले होते.

भाचा म्हणतो, आता फोटोवरून ओळखणारी अ‍ॅपं आली आहेत. असतील. पण फोटोवरून ओळखायला गेलं की काय होतं, ते मी करून दाखवलं आहे. मशीन माझ्यापेक्षा हुशार असेलही, पण वारूळ त्यालाही दिसत नाही.

मग अळंबी खायचीच नाही का? मी खाते. परवाची चार छत्रं काढली, चार तशीच ठेवली, आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटपात केली. पण आमच्याच वारुळाची. बाजारात घेतली तर वर्षानुवर्षं ओळखीच्या, त्याच डोंगरातून आणणाऱ्या बाईकडूनच. बाकी कुठे मोह झाला तर डब्यातले बटण मश्रूम आहेत, त्यात कमीपणा नाही. आणि कधी चुकून त्रास झालाच, तर उरलेली भाजी टाकून देऊ नका, घेऊन दवाखाना गाठा. बरं वाटलं म्हणून परत फिरू नका.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, वहीतला तो चांदीच्या चमच्याचा मुद्दा खोडून टाका. बाईंचं चुकलं होतं.

भाचीचा यंदाही फोटो आला. या वेळी मी लिहिलं, "माहीत नाही गं. श्रावणात इकडे ये, वारूळ दाखवते." गणपतीच्या आधी येते म्हणालीय.