दिसत नाही तिथला खर्च

बँकेत बत्तीस वर्षे काढल्यावर माणसाला एक वाईट खोड लागते. कोणी हौसेने काही सांगायला आले, की तो आधी कोटेशन मागतो. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून पुतण्याचा फोन आला, ‘‘काका, बाबांची येझदी उघडतोय. मातीत पळवायची गाडी करायची आहे.’’ माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘‘खर्च?’’ तो म्हणाला, ‘‘चाळीस हजारांत बसवतो.’’ मी म्हटले, ‘‘म्हणजे पन्नासच्या वर.’’ शेवटी आकडा एकावन्न हजार आठशेवर थांबला. तेव्हा अंदाज माझा बरोबर निघाला. बाकी बऱ्याच गोष्टी चुकल्या. त्यांतली एक अगदीच माझी होती आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

मातीतली गाडी म्हणजे ज्याला मुले डर्ट बाइक म्हणतात ती. दिवा नाही, हॉर्न नाही, मडगार्ड उंचावर, टायरला बोटभर जाडीचे दात आणि अंगावर शक्य तितके कमी लोखंड. नवी परदेशी बनावटीची घ्यायची तर किंमत लाखांत जाते. पुतण्या एका लहान कारखान्यात नोकरी करतो. त्याला ती परवडणारी नाही आणि बापाकडून पैसे घेण्याइतका तो निगरगट्टही नाही. घराच्या मागच्या पडवीत मात्र १९८८ पासून एक येझदी पडून होती. तिच्यावर कोंबड्यांच्या चार पिढ्या बसून गेल्या असतील.

आजच्या वीस-पंचवीसच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. येझदी म्हणजे म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्याची अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल. कारखाना १९९६ साली बंद पडला. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि किक मारण्याचा दांडाच वळवून गिअरचा दांडा करायचा, या तिच्या दोन खुणा. मूळचे घराणे चेक. जावा हे नावच संस्थापक यानेचेक आणि ‘वाँडरर’ या दोन नावांच्या पहिल्या अक्षरांचे. याच देशातल्या ‘चेझेड’च्या टू-स्ट्रोक गाड्यांनी साठच्या दशकात मातीतल्या शर्यतींचे मैदान मारले होते. १९६४ मध्ये बेल्जियमचा जोएल रोबेर अडीचशे सीसीचा जगज्जेता झाला तो चेझेडवर, आणि १९६६ ते १९६८ अशी सलग तीन वर्षे पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिक्स पाचशे सीसीचा जगज्जेता झाला तोही चेझेडवरच. आमच्या कोंबड्यांचे आसन काही त्या गाड्यांच्या तोडीचे नव्हते, पण अगदी परक्या घरातलेही नव्हते.

माझा धाकटा भाऊ ही गाडी १९८७ साली जुन्या बाजारातून घेऊन आला तेव्हाच ती अर्धी सोललेली होती. टाकी दुसऱ्याच गाडीची, डाव्या बाजूचे कव्हर गायब, दिव्याच्या जागी पत्रा. तिच्यावर बसून तो गावाबाहेरच्या माळावर शर्यती खेळे. शंभर किलोच्या आसपासची यामाहा आरएक्स शंभर तोवर बाजारात येऊन दोन वर्षे झाली होती आणि आमच्या येझदीचे धूड तिच्यामागे धापा टाकत पळे. पण चिखलात आणि चढावर तीच पुढे निघे, असे तो अजून सांगतो. ते खरे धरायला हरकत नाही.

पुतण्याने केलेला अंदाज मी पहिल्या भेटीत तपासला. चाळीस हजारांतले सव्वीस हजार टायर, टाकीचा रंग, नवे रुंद हँडल आणि सायलेन्सर यांवर होते. इंजिनाला नऊ हजार. ब्रेकला शून्य. मी मनात म्हटले, हा मुलगा कर्ज मागायला येणाऱ्या दुकानदारासारखा आहे. पाटी रंगवायला पैसे आहेत, मालाला नाहीत. पण यात त्याचा एकट्याचा दोष नाही. जुनी गाडी ‘नवी’ करणाऱ्या बहुतेकांचे हेच होते. दिसते त्यावर आधी खर्च होतो, कारण ते दिसते. आतले काम निघेपर्यंत पैसे संपतात आणि चकाकती गाडी पुन्हा पडवीत जाते.

माझे मत असे झाले आहे, की थोड्या पैशांत जुने इंजिन उभे करायचे असेल तर खर्चाची यादी उलटी लिहावी. जे कोणालाच दिसणार नाही ते सर्वांत वर आणि रंग सर्वांत खाली, शिल्लक राहिलीच तर. हे का, ते टू-स्ट्रोकचे पोट पाहिले म्हणजे कळते. घरोघरी दिसणाऱ्या आजच्या गाड्यांत इंधन आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला व्हॉल्व्ह असतात. येझदीत ते नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर गेला की खाली जिथे क्रँक फिरते त्या बंद पेटीत पेट्रोल, तेल आणि हवेचे मिश्रण ओढले जाते. खाली आला की ते दाबले जाऊन वर चढते. म्हणजे ती पेटी लोहाराच्या भात्याचे काम करते. भात्याला भोक पडले तर लोहार कितीही जोर लावो, भट्टी पेटत नाही. इथे तर उलटा घोटाळा होतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबराची दोन सीले असतात. त्यांतले एक कडक पडून फटीतून हवा आत येऊ लागली, की मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले, तेव्हा तेलही कमी पडते. इंजिन तापते, पिस्टन फुगतो आणि भर वेगात सिलिंडरला चिकटून बसतो. मागचे चाक जागीच अडकते. जुने चालवणारे क्लचवर कायम दोन बोटे ठेवतात ती यासाठी. पिस्टन धरला, की त्या क्षणी क्लच दाबायचा. मग चाक सुटते.

१९८८ साली माझ्या भावाला तो क्षण सापडला नाही.

त्या वर्षी मिस्त्रीने त्याला आधीच सांगितले होते, की क्रँकचे बेअरिंग आणि सीले गेली आहेत, इंजिन उघडावे लागेल. भाऊ एका पतसंस्थेत सहा हजारांचे कर्ज मागायला गेला. त्यांना जामीनदार हवा होता. मी नुकताच अधिकारी झालो होतो, मिशीला पीळ होता. ‘‘दादा, सही करशील ना?’’ असे त्याने विचारले तेव्हा मी त्याला अनुत्पादक कर्जावर दहा मिनिटांचे व्याख्यान दिले आणि सही केली नाही. नियमाचे कारण सांगितले. तसा काही नियम नव्हता. तो त्याच इंजिनावर शर्यतीला उतरला, तिसऱ्या फेरीत पिस्टन धरला आणि गाडी त्याच्या डाव्या गुडघ्यावर पडली. येझदीची किक डाव्या बाजूला असते. त्यानंतर त्याला ती गाडी सुरूच करता आली नाही. धोका त्याने स्वतः पत्करला होता हे खरे, आणि सदतीस वर्षांत त्याने माझ्याकडे कधी बोट दाखवले नाही हेही खरे. दुसऱ्या गोष्टीचा त्रास जास्त होतो.

म्हणून या खेपेस जमाखर्चाची वही मी मागून घेतली. यादी उलटी केली. क्रँक शिवाजी उद्यमनगरात गेली. तेल-इंजिनांच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांवर वाढलेला हा कोल्हापूरचा भाग. लेथवर उभ्या असलेल्या माणसाने हातात घेऊन वस्तू फिरवली, की त्याला तिचा आजार कळतो, अशी माणसे तिथे अजून आहेत, पण सगळी माझ्या वयाची. एका टर्नरने जुना कनेक्टिंग रॉड दाबून काढला, नवा बसवला आणि क्रँकच्या दोन्ही चकत्या एका रेषेत येईपर्यंत डायल गेजसमोर ठेवून तांब्याच्या हातोडीने टिचक्या मारत राहिला. काट्याची थरथर केसाच्याही आत आल्यावर त्याने चहा मागवला. सिलिंडर बोअर करून आणल्यावर त्याने आणखी एक गोष्ट केली जी बिलात नव्हती. खिडक्यांच्या धारदार झालेल्या कडा बारीक दगडाने घासून मोडल्या. नाहीतर त्या कडांत पिस्टनची रिंग अडकून तुटते. पुतण्या हे सगळे मोबाइलवर टिपत होता. मी त्याला म्हटले, ‘‘हात लावून बघ आधी.’’ त्याने अंगठा फिरवला आणि मग दुसऱ्या खिडकीची कड त्यानेच घासली.

दुसरा मोठा खर्च ब्रेक, चाकांचे आरे, केबली आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर यांवर झाला. टायर नवे घेतले, त्यात तडजोड नाही. टाकीला घरीच ब्रशने काळा रंग दिला. तो वाईट दिसतो.

आता माझी चूक. सुटे भाग आणायला मी पुण्यात नाना पेठेत गेलो होतो. सीलांचे दोन प्रकार निघाले. एक चांगल्या कंपनीचे, खोक्यातले, दोनशे वीस रुपयांना. दुसरे सुटे, नाव नसलेले, साठ रुपयांना. एक खोक्यातले शिल्लक होते, तेवढे घेतले. दुसऱ्यासाठी चार दिवस थांबा म्हणाले. मी थांबलो नाही. बँकेच्या माणसाने एकशे साठ रुपये वाचवले आणि वहीत ते लालऐवजी निळ्या शाईने लिहिले. सर्वांना दिसत नाही तिथे खर्च करायला सांगणारा मी, मलाही ते सील दिसत नव्हते.

इंजिन बसले त्या दिवशी भाऊ अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काठी टेकून बसला होता. अकराव्या किकला गाडी सुरू झाली. आवाज ऐकून शेजारचे गोळा झाले, वहिनी लाडू घेऊन बाहेर आली. पुतण्याने मूठ सोडली. इंजिनाचा वेग खाली आला नाही. उलट हळूहळू चढू लागला. आम्हाला वाटले, इंजिन खुशीत आहे. भाऊ एकदम उभा राहिला आणि ओरडला, ‘‘रेस उतरत नाही! कार्ब्युरेटरच्या तोंडावर हात लाव, हात लाव!’’ पोराने तळवा दाबला आणि गाडी गुदमरून बंद झाली. प्लग काढून पाहिला. तो चॉकलेटी हवा, पांढराफटक होता. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘डायनॅमोकडून हवा ओढतंय.’’ डायनॅमो उतरवला. साठ रुपयांच्या सीलाची कड दुमडलेली होती.

दुपारी पोरगा दुसरे सील आणायला गेला, तेव्हा अंगणात आम्ही दोघेच होतो. मी म्हटले, ‘‘ते मी आणलेलं.’’ तो म्हणाला, ‘‘माहीत आहे.’’ लाडवाचे ताट त्याने माझ्याकडे सरकवले.

गाडी तयार झाल्यावर पोराचे दोन मित्र म्हणाले, आता रंकाळ्यावर एक चक्कर. इथे मात्र मी आणि भाऊ एका आवाजात नाही म्हणालो. वाहनाच्या मूळ रचनेत असा मनमानी बदल करून ते रस्त्यावर आणता येत नाही. १९१९ नव्हे, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट सांगितले आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी फटाके फोडणारे सायलेन्सर लावून दवाखान्यासमोरून जाणाऱ्यांबद्दल मला काडीचे प्रेम नाही. टू-स्ट्रोक इंजिने रस्त्यावरून गेली ती काही कोणाच्या कारस्थानाने नाही. न जळलेले पेट्रोल आणि तेल ती धुराबरोबर बाहेर टाकतात, आणि २००० सालापासून कडक होत गेलेल्या नियमांत ती बसेनाशी झाली. आमची गाडी टेम्पोत घालून एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक माळावर नेतो, त्याची परवानगी घेऊन, आणि तिथेच चालवतो.

आणखी एक. पडवीत अख्खी, मूळ भागांसकट गाडी सापडली तर कृपा करून तिला करवत लावू नका. तिचा कारखाना आता उरलेला नाही. येझदी नावाच्या नव्या गाड्या २०२२ पासून पुन्हा विकल्या जाऊ लागल्या, पण त्या फोर-स्ट्रोक आणि सर्वस्वी वेगळ्या. अख्खी गाडी मूळ रूपात उभी करावी, किंवा जो करील त्याला द्यावी. आमची आधीच तुकड्यांत होती म्हणून एवढे धाडस केले.

गेल्या रविवारी माळावर गेलो होतो. पहिले काही तास इंजिन हळूच वापरायचे असते, त्यामुळे पोरगा बैलगाडीच्या चालीने फेऱ्या मारत होता आणि त्याचे मित्र कंटाळून ऊस खात बसले होते. भाऊ नेहमीच्या खुर्चीवर. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती ठेवून तो आवाज ऐकत होता. पोरगा जवळून गेला तेव्हा मी त्याचा डावा हात पाहिला. क्लचवर दोन बोटे होती.

‘‘दादा,’’ भाऊ डोळे न उघडता म्हणाला, ‘‘वहीत सील लिहिलंस का?’’

‘‘लिहिलं.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’