गरोदरपणात वजन किती वाढावे? आधी पहिली नोंद पाहा

‘आता दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ आणि ‘फार खाऊ नकोस, बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल’. विदर्भातल्या घराघरांत गरोदर बाईला हे दोन्ही सल्ले मिळतात, कधी कधी एकाच घरात मिळतात. दोन्ही सोडून द्यावेत असेच आहेत. वजन किती वाढायला हवे, हे दिवस राहिले तेव्हा तिचे वजन किती होते यावर ठरते.

हा प्रश्न आज का महत्त्वाचा आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून (२०१९-२१) दिसते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील २०.८ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे, तर २३.४ टक्के स्त्रियांचे जास्त. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या रांगेत या दोन्ही प्रकारच्या स्त्रिया शेजारी शेजारी उभ्या असू शकतात. त्यांना एकच सल्ला देऊन कसे चालेल?

हिशेब सोपा आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १५२ सेंटिमीटर उंची आणि ४२ किलो वजन असलेल्या स्त्रीचा बीएमआय सुमारे १८ येतो. तेवढ्याच उंचीच्या ६० किलोच्या स्त्रीचा २६ येतो. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशींनुसार पहिलीचे वजन नऊ महिन्यांत साडेबारा ते अठरा किलोने वाढायला हवे, दुसरीचे मात्र सात ते साडेअकरा किलो पुरे. बीएमआय साडेअठरा ते पंचवीसच्या दरम्यान असेल तर साडेअकरा ते सोळा किलो, आणि तीस किंवा त्याहून जास्त असेल तर पाच ते नऊ किलो. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे गणित साधारण दहा ते बारा किलोंचे आहे. भारतीयांमध्ये बीएमआय २३ च्या पुढे गेला की जादा वजन मानले जाते, म्हणून नेमके उद्दिष्ट आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

हे किलो म्हणजे नुसती चरबी नव्हे. बाळ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय आणि आईचे वाढलेले रक्त यांतच निम्म्याहून अधिक वजन जाते. पहिल्या तीन महिन्यांत वजन फारसे वाढत नाही. उलट्यांमुळे थोडे घटूही शकते. चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण आणि कपभर दूध. दुप्पट जेवण नव्हे.

काय खाल्ले आणि किती राबले, यालाही महत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत मातांचा अभ्यास केला. तिथल्या मातांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि बाळांचे सरासरी २.७ किलोच्या आसपास. ज्या माता दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. शेतात आणि पाणी भरण्यात जास्त राबणाऱ्या मातांची बाळे मात्र लहान होती. तेव्हा ताटात चवळीची किंवा अंबाडीची भाजी वाढणे जितके गरजेचे, तितकेच डोक्यावरची घागर घरातल्या दुसऱ्याने उचलणेही.

मुंबईच्या वस्त्यांतील एका प्रयोगात पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून दिला गेला. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तीन महिने वा अधिक आधीपासून खाऊ घेतलेल्यांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. पण मुळातच फार कृश असलेल्या मातांना हा लाभ दिसला नाही.

आपल्या धोरणाची उणीव इथेच आहे. आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते, मातृ वंदना योजनेतून पैसे मिळतात. दोन्ही हवेतच, पण मदत पोहोचते ती दिवस राहिल्यावर. ४२ किलोची मुलगी सासरी जाते तेव्हा तिचे वजन कुणी विचारत नाही. लग्नाआधी पत्रिका पाहतो, तसा वजनाचा आणि हिमोग्लोबिनचा आकडाही पाहायला हवा. नकार देण्यासाठी नव्हे, उपचारासाठी.

घरच्यांनी एवढे करावे. बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी करून पहिले वजन कार्डावर लिहून घ्या आणि प्रत्येक तपासणीत ते ताडून पाहा. चौथ्या महिन्यानंतर महिनाभर वजन वाढलेच नाही, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आठवड्यात एकदम किलोभर वाढले, चेहरा सुजला, डोके दुखू लागले किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. आणि वजन जास्त असले तरी गरोदरपणात उपवास करून ते उतरवू नका.