नर्सिंगचा पाया पहिल्या वर्षात संपत नाही

पुष्कळ रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात टीपीआरचा तक्ता उघडला, की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. तापाचे आकडे वरखाली होत असतात, नाडी 76 वरून 92 वर गेलेली असते, श्वासाच्या रकान्यात मात्र सकाळी 18, दुपारी 20, रात्री पुन्हा 18. न्यूमोनियाचा रुग्ण असो की हर्नियाचे ऑपरेशन झालेला, आकडे तेच. इतक्या वेगवेगळ्या आजारांची माणसे एकाच गतीने श्वास घेत नसतात. याचा अर्थ उघड आहे: श्वास न मोजताच रकाना भरला गेला. भरणाऱ्याला श्वास मोजता येत नाही असे नव्हे. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत त्याने तो नीट मोजून दाखवलेला असतो. पुढे ते काम ‘बेसिक’ ठरले आणि मागे पडले. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या सुधारित अभ्यासक्रमात ‘नर्सिंग फाउंडेशन’ हा विषय बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या दोन सत्रांत आहे. तो तिथे असणे योग्यच. पण तो तिथे संपतो, असा समज विद्यार्थ्यांचा आणि बऱ्याच शिक्षकांचाही होऊन बसला आहे. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरकडे जाण्याआधी उरकायची ही कामे आहेत, असे मानले जाते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. श्वास मोजणे, कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, घोटभर पाणी पाजणे या कामांतच नर्सच्या निर्णयबुद्धीचा कस लागतो, आणि म्हणून ती शेवटच्या वर्षापर्यंत शिकवली आणि तपासली गेली पाहिजेत.

श्वासाचेच उदाहरण आधी नीट पाहू. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला, रक्तात आम्ल वाढले किंवा प्राणवायू कमी पडू लागला, की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र लगेच श्वासाची गती वाढवते. या भरपाईमुळेच बोटाला लावलेला ऑक्सिमीटर काही काळ 96-97 दाखवत राहतो. तरुण रुग्णाचा रक्तदाबही बराच वेळ टिकून असतो. कागदावर सगळे ठीक दिसते आणि ते ठीक ठेवण्यासाठी रुग्ण मिनिटाला 28 वेळा श्वास ओढत असतो. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मिनिटाला 27 हून जास्त श्वास आणि त्यानंतरच्या 72 तासांत हृदय किंवा श्वास बंद पडणे यांचा ठळक संबंध आढळला होता. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात श्वसनगतीवर जो लेख आला, त्याच्या शीर्षकातच तिला दुर्लक्षित लक्षण म्हटले होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये रुग्णाची बिघडती अवस्था वेळीच ओळखण्यासाठी ‘न्यूज’ ही गुणपद्धती आणली. तिच्यात श्वास 12 ते 20 असेल तर शून्य गुण, 21 ते 24 ला दोन, आणि 25 वा त्याहून जास्त झाला की एकट्या श्वासाला तीन गुण मिळतात. तीन गुण म्हणजे तातडीने पाहण्याची सूचना. ही सगळी यंत्रणा उभी आहे ती वॉर्डातल्या कुणीतरी घड्याळ पाहून मोजलेल्या एका आकड्यावर.

तो कसा मोजला, यावरही बरेच अवलंबून असते. पुस्तक सांगते, पूर्ण एक मिनिट मोजा. वॉर्डात बहुधा 15 सेकंद मोजून चारने गुणले जाते. या रीतीने 16, 20, 24 असेच आकडे येऊ शकतात. 18 किंवा 22 येऊच शकत नाही. मोजताना एक श्वास इकडेतिकडे झाला, तर 20 चे 24 होतात आणि शून्य गुणांचा रुग्ण दोन गुणांवर जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोनवरून शून्यावर येतो. शिवाय आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की माणूस तो बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट हातात तसेच धरून ठेवावे आणि नजर छाती-पोटाकडे वळवावी, असे शिकवतात. त्या एका मिनिटात आकड्यापलीकडचेही दिसते. नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ओढले जातात का, रुग्ण दोन शब्दांनंतर थांबतो का, काल नाव घेऊन बोलणारा आज गोंधळलेला आहे का. मॉनिटर आला की याची गरज संपते, असा आक्षेप येतो. मॉनिटर छातीला लावलेल्या तारांवरून श्वासाचा अंदाज बांधतो. खोकला आला, रुग्ण हलला, की तो चुकतो. आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जनरल वॉर्डांत खाटेपाशी मॉनिटर नसतोच. जिथे आहे तिथेही त्याचा आकडा खरा की खोटा हे माणसालाच ठरवावे लागते, आणि ज्याला हाताने मोजायची सवय उरलेली नाही त्याला ते ठरवता येत नाही.

दुसरे उदाहरण त्वचेचे. बेडसोअरची पहिली पायरी म्हणून पुस्तकात लालसर डाग दाखवतात. बोटाने दाबून पाहा, पांढरा पडला नाही तर धोका, असे सांगतात. ही चित्रे गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडच्या सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर हा लालसरपणा दिसेलच असे नाही. तिथे हाताच्या स्पर्शाने शेजारच्या भागाशी तुलना करावी लागते: जागा जास्त गरम किंवा थंड आहे का, घट्ट किंवा दबदबीत लागते का, तिथे दुखते का. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू, ऑक्सिजनच्या नळीखाली दबलेले कानाचे मूळ, या जागा रोज उघडून पाहाव्या लागतात. आपल्याकडे बॅक केअर म्हणजे पाठीला स्पिरिट लावून चोळणे आणि वर पावडर, अशी जुनी रीत आहे. धोक्यात आलेली, लालसर झालेली जागा चोळली तर आतल्या नाजूक ऊतींना आणखी इजा होते, म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आज ती जागा चोळू नका असे सांगतात. पायाभूत कामे एकदा पाठ केली की झाली, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. पाठ केलेली कृती जुनी होते. तिच्यामागचे कारण समजलेले असेल तरच ती बदलता येते.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम घ्या. अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये झालेला, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दाट फोमच्या चांगल्या गादीवर असलेल्या वृद्धांची कूस दोन, तीन किंवा चार तासांनी बदलली तरी व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. यातून ‘चार तास चालतात’ एवढेच उचलणारा विद्यार्थी रेक्झिनच्या, बसून दबलेल्या गादीवरच्या रुग्णाचे नुकसान करील. दाब, वेळ आणि ओलावा यांचा त्वचेवर होणारा परिणाम समजलेला विद्यार्थी मात्र आधी गादी पाहील, रुग्ण स्वतः किती हलतो ते पाहील, आणि मग वेळ ठरवील. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी 1980 च्या दशकात तयार केलेली ब्रेडन मापनपद्धती हेच शिकवते: संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण या सहा गोष्टींना गुण द्या आणि त्यांवरून काळजी ठरवा. डोक्याकडची बाजू फार उंच केली की रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडावरची त्वचा ताणली जाते. त्याला ओढण्याऐवजी दोघांनी ड्रॉ शीटने उचलून वर घ्यावे लागते. हे मजुरीचे काम वाटत असेल, तर त्यातला विचार पाहिला गेलेला नाही.

अशा कामाने काय साधते, याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला आणि मे 2015 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालपत्रात केईएमच्या परिचारिकांच्या सेवेचा गौरव आहे, आणि इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही बेडसोअर झाला नाही याची नोंद आहे. दयामरणाच्या प्रश्नावर त्या खटल्याची चर्चा पुष्कळ झाली. नर्सिंगच्या वर्गात तो या नोंदीसाठी शिकवला गेला पाहिजे. सुमारे चार दशके, बदलत्या पिढ्यांच्या हातांनी, रोज तेच काम तितक्याच काळजीने झाले. त्यात कुठलेही महागडे यंत्र नव्हते.

आता दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला असा, की ही कामे आयाबाई, वॉर्डबॉय आणि नातेवाईकच करतात. चार वर्षे शिकलेल्या पदवीधराने स्पंजिंग का करावे? नातेवाईक करतात हे खरे आहे आणि आपल्या रुग्णालयांत ते टळणारही नाही. पण कूस कुणीही बदलो, ती कधी आणि कशी बदलायची, घास भरवताना रुग्ण किती उंच बसलेला हवा, ठसका लागला तर थांबायचे की नाही, हे ठरवण्याची आणि शिकवण्याची जबाबदारी नर्सचीच आहे. स्पंजिंग करताना डोक्यापासून पायापर्यंत सगळी त्वचा, सूज, जखमा आणि हालचाल एकाच वेळी पाहायला मिळते. तशी संधी दुसऱ्या कुठल्या कामात नाही. आणि शिक्षणाचे म्हणाल, तर 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या नऊ युरोपीय देशांच्या अभ्यासात पदवीधर नर्सचे प्रमाण दर 10 टक्क्यांनी वाढले तसतशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला दाखल झाल्यापासून 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी आढळली. शिकलेली नजर खाटेपाशी असली तरच त्या शिक्षणाचा रुग्णाला उपयोग आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो खराच आहे. शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक नर्स हा परिषदेचा निकष. प्रत्यक्षात सरकारी वॉर्डात एका पाळीला एकीवर तीस-चाळीस रुग्णांचा भार पडतो. चाळीस रुग्णांचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा तर एका फेरीला चाळीस मिनिटे त्यातच जातील. हे शक्य नाही, हे मान्यच करायला हवे. लिंडा एकेन यांच्या 2002 च्या अमेरिकी अभ्यासातही नर्समागे एक जादा रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसते. बिएट्रिस कॅलिश यांनी 2006 मध्ये वॉर्डात नेहमी राहून जाणाऱ्या कामांची यादी मांडली: चालवणे, कूस बदलणे, वेळेवर भरवणे, स्वच्छता, धीर देणे, रुग्णाला माहिती देणे, किती पाणी गेले आणि लघवी किती झाली याची नोंद. माणसे कमी पडली की इंजेक्शने सुटत नाहीत, कारण त्यांचा जाब विचारला जातो. सुटतात ती ही पायाभूत कामे, कारण ती सुटल्याचे कुठेच दिसत नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या रुग्णालयात 2005 ते 2009 या काळात रुग्ण घाण झालेल्या चादरींत पडून राहिले, पाणी हाताला लागेल असे ठेवले गेले नाही, भरवायला कुणी नव्हते. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या 2013 च्या चौकशी अहवालाने त्यात कर्मचारी कपात, आकड्यांची उद्दिष्टे आणि तक्रारींकडे फिरवलेली पाठ यांवर बोट ठेवले.

म्हणूनच न मोजता लिहिलेला 18 हा आकडा दुहेरी नुकसान करतो. बिघडत चाललेला रुग्ण त्यामुळे लपतो, आणि माणसांची टंचाईही लपते. तक्ता पूर्ण भरलेला असेल, तर आणखी नर्स कशाला हव्यात, असे प्रशासन विचारणारच. रकाना रिकामा असेल, तर प्रश्न प्रशासनाला विचारता येतो. ज्यांना धोका जास्त, म्हणजे पहिल्या दिवसाचे शस्त्रक्रियेचे रुग्ण, तापाचे, ऑक्सिजनवरचे, वृद्ध, त्यांचे श्वास पूर्ण मिनिट मोजावेत. बाकीचे झाले नाहीत तर तसे स्पष्ट लिहावे. हे विद्यार्थ्याच्या एकट्याच्या धैर्यावर सोडता येणार नाही. रिकाम्या रकान्यासाठी विद्यार्थ्याला रागावण्याऐवजी इन्चार्ज सिस्टरने तो वर कळवावा, आणि ट्यूटरने खोटा आकडा ही कुठल्याही चुकलेल्या प्रोसिजरपेक्षा मोठी चूक मानावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकातही खऱ्या रुग्णाचे निरीक्षण, त्वचेची तपासणी आणि त्यावरून घेतलेला निर्णय यांना वजनदार गुण ठेवावेत. सरकारने मंजूर पदे भरावीत. आणि या वर्षी पहिल्यांदा वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांनो, जे केले तेवढेच लिहा, जे राहिले ते राहिले म्हणून लिहा. रुग्णाच्या सुरक्षिततेची आणि तुमच्या व्यवसायाच्या मानाची सुरुवात तिथूनच होते.