पानिपताची साक्ष कुणाची धरायची?

मल्हारराव होळकर १४ जानेवारी १७६१ रोजी अफगाण बादशहा अब्दालीविरुद्धच्या पानिपतच्या रणातून बाहेर पडले, एवढे सगळ्यांना मान्य आहे. का बाहेर पडले, हे मात्र कोणता कागद उघडला जातो त्यावर ठरते. ‘भाऊसाहेबांची बखर’ उघडली तर शत्रूला मिळालेल्या रोहिल्या नजीबखानाला पाठीशी घालणारा, पेशव्यांविषयी मनात अढी धरलेला आणि ऐन वेळी पाय काढता घेणारा सरदार दिसतो. होळकरांची कैफियत उघडली तर खुद्द सेनापती सदाशिवरावभाऊंनीच त्यांना निघायला सांगितलेले असते. दोन्ही हकिकती एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तरीही अडीचशे वर्षे मराठी समाज आपापल्या कलाप्रमाणे यातली एक उचलतो आणि तिलाच इतिहास म्हणतो.

संक्रांत जवळ आली की दरवर्षी पानिपताची आठवण निघते. पुरवण्यांत लेख येतात, मोबाइलवर संदेश फिरतात, व्याख्याने होतात. या आठवणीत काहीच वाईट नाही. एवढा मोठा घाव विसरू नयेच. वाईट एवढेच, की यातल्या बहुतेक मजकुराखाली तो कुठून आला याचा पत्ताच नसतो. बखरीतले संवाद, कादंबरीतले प्रसंग, चित्रपटातली वाक्ये आणि त्या काळची अस्सल पत्रे यांची सरमिसळ होऊन एकच पानिपत तयार होते आणि वाचणारा ते जसेच्या तसे स्वीकारतो.

बखरींपासूनच सुरुवात करावी, कारण पानिपताची लोकांच्या मनातली बहुतेक चित्रे तिथूनच आलेली आहेत. बखर म्हणजे थापा, असे म्हणून ती फेकून देणे सोपे आहे, पण चुकीचे आहे. ती लिहून घेणारा कोण आणि ती कुणाला वाचून दाखवायची होती, हे आधी पाहायला हवे. रघुनाथ यादवाची ‘पाणिपतची बखर’ गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेली, असे सांगितले जाते. गोपिकाबाई म्हणजे पेशव्यांची पत्नी, विश्वासरावांची आई. ज्या बाईचा अठरा वर्षांचा मुलगा त्या रणात गोळी लागून गेला आणि पाठोपाठ काही महिन्यांत नवराही गेला, तिच्यासमोर ठेवायचा हा मजकूर. तो लिहिणारा कारकून फौजेच्या रसदीचा हिशेब मांडत बसणार नाही. तो महाभारताच्या युद्धाची भाषा वापरणार आणि मुलाच्या मरणाला मोठेपण देणार. अशा मजकुरातून तोफा किती होत्या हे शोधू नये. त्या घराने ते दुःख कसे पेलले, हे मात्र त्यातून नक्की कळते, आणि तोही इतिहासच आहे.

‘भाऊसाहेबांच्या बखरी’ची गोष्ट वेगळी. तिचा ओढा शिंद्यांकडे आहे आणि होळकरांवर तिचा राग आहे, हे वाचणाऱ्याला पानोपानी जाणवते. बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले. मरताना त्यांनी शत्रूकडच्या कुत्बशहाला दिलेले उत्तर आज शाळकरी मुलांनाही पाठ असते. ते शब्द दत्ताजींच्या तोंडचे असतीलही. पण शत्रूने घेरलेल्या, जखमी माणसाचे ते बोलणे कुणी ऐकले, ते कोणत्या वाटेने बखरकारापर्यंत पोचले, हा प्रश्न विचारल्याने दत्ताजींचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. ज्या हातांनी ते शब्द जपले, त्याच हातांनी मल्हाररावांच्या तोंडी धोतरे बडवण्याची गोष्टही घातली. नजीब संपला तर पेशवे आपल्या सरदारांना धोतरे धुवायला लावतील, अशा अर्थाचे ते बोलणे. ते बोलणे झाले तेव्हा बखरकार हजर असल्याचा कसलाही पुरावा नाही. तरी हे एक वाक्य आज जातींमधल्या वैराचा ऐतिहासिक दाखला म्हणून सर्रास फेकले जाते. एका घराण्याच्या पक्षपाती लेखकाने दुसऱ्या घराण्याच्या माणसाच्या तोंडी घातलेले वाक्य घेऊन एकविसाव्या शतकात माणसांनी एकमेकांवर तुटून पडावे, ही चिंतेची गोष्ट आहे.

या रोगावर औषध शोधले ते वि. का. राजवाड्यांनी. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या सुमाराची अस्सल पत्रे होती आणि सोबत एक भलीमोठी प्रस्तावना. अस्सल पत्राचा एखादा चिठोरा समोर आला तर साऱ्या बखरींचे एकमत बाजूला ठेवावे, हा त्यांचा दंडक. मराठी इतिहासलेखनाला त्याने शिस्त लावली. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले, त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर आयुष्यातली कित्येक वर्षे घालवली. हे सारे त्या शिस्तीचे फळ.

पण पत्रसुद्धा निर्हेतुक नसते, आणि याचा सगळ्यात बोलका दाखला राजवाड्यांच्या त्याच खंडात आहे. त्यातली बरीच पत्रे भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली आहेत. पैसा पाठवा, नावा जमवा, शत्रूची रसद तोडा, अवधच्या नवाब सुजाउद्दौल्याला अडवा, असा तगादा. सेनापतीची निकड ओळीओळीत दिसते आणि वाचणाऱ्याला गोविंदपंताचा राग येऊ लागतो. राजवाड्यांनाही तो आला. पानिपतच्या अपयशाचे मोठे माप त्यांनी गोविंदपंत आणि मल्हारराव यांच्या पदरात टाकले. मात्र वरिष्ठाच्या तगाद्याच्या पत्रातून कळते ते वरिष्ठाला काय हवे होते एवढेच. पावसाळ्यात, चहूकडे लढाईची धामधूम असताना, नजीब आणि सुजाच्या माणसांनी भरलेल्या दुआबात वसूल कसा गोळा करायचा, हे त्या पत्रात नसते. गोविंदपंत म्हातारा होता, मूळचा कमाविसदार. डिसेंबर १७६० मध्ये शत्रूची रसद तोडण्याच्या कामावर असतानाच अफगाण तुकडीने अचानक छापा घालून त्याला ठार केले. पत्रे खरी, तारखा खऱ्या, मजकूर खरा. तरीही फक्त एका बाजूची पत्रे वाचून दिलेला निकाल पुरा म्हणता येत नाही. राजवाड्यांचे ऋण मान्य करूनच हे म्हटले पाहिजे.

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मराठी फौज पानिपतला खंदक खणून बसली होती आणि शेवटच्या आठवड्यांत तिचा बाहेरच्या जगाशी संपर्क जवळजवळ तुटला होता. मग लढाईच्या दिवसाविषयी जे काही वाचायला मिळते, ते जवळजवळ सगळे निकाल ठाऊक झाल्यावर लिहिलेले. हरल्यावर प्रत्येकाला चूक कुठे झाली ते दिसू लागते. भरतपूरच्या सूरजमल जाटाचा सल्ला ऐकायला हवा होता, कुटुंबे मागे ठेवायला हवी होती, गनिमी काव्याने लढायला हवे होते. यातले किती बोल लढाईआधी खरोखर बोलले गेले आणि किती नंतरच्या शहाणपणातून आले, हे वेगळे काढणे कठीण आहे.

प्रत्यक्ष पाहणाऱ्यांत नाना फडणीस होते, तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. त्यांच्या आत्मचरित्रात पानिपत आहे, पण ते लढाईचे वर्णन म्हणून कमी आणि वाचलेल्या माणसाची कैफियत म्हणून जास्त आहे. आई हरवली, आपण अनोळखी मुलखातून जीव वाचवत आलो, देवाने तारले, असा तो सूर. पळणाऱ्या फौजेतल्या एका तरुणाला काय दिसले, याची याहून चांगली साक्ष नाही. उजव्या फळीवर काय चालले होते, हे मात्र त्याला विचारू नये. तो तिथे नव्हता.

सगळ्यात सविस्तर हकिकत दिली ती काशीराज पंडिताने. हा दक्षिणी ब्राह्मण, चाकरी सुजाउद्दौल्याची, म्हणजे शत्रूच्या गोटात बसलेला आपल्याकडचा माणूस. तहाच्या बोलाचालीत तो स्वतः होता, म्हणून त्याच्या लिहिण्याला वजन आहे. पण तो लिहितो ते लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी, फारसीत. त्याचा धनी सुजा त्याच्या कथेत सतत तह घडवू पाहतो, कैद्यांना वाचवू पाहतो, मराठ्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या इब्राहिमखान गारद्यासाठी रदबदली करतो. हे खोटेच असेल असे नाही, पण नोकराने आपल्या धन्याविषयी लिहिलेले आहे, हे विसरून चालणार नाही. त्यात भर म्हणजे इंग्रजी वाचकांपर्यंत काशीराज पोचला तो कंपनीच्या जेम्स ब्राउनने केलेल्या भाषांतरातून. पुढे यदुनाथ सरकारांनी मूळ फारसीवरून पुन्हा भाषांतर केले. मधल्या काळात ग्रांट डफपासून अनेकांनी मराठ्यांचा इतिहास लिहून टाकला होता.

आकड्यांचेही तसेच. काशीराज मराठ्यांचे ५५,००० घोडदळ आणि १५,००० पायदळ सांगतो, आणि बायकामुले, बाजारबुणगे धरून छावणीत पाच लाख माणसे होती असेही म्हणतो. यदुनाथ सरकारांनी लढणाऱ्या मराठ्यांचा अंदाज ४५,००० च्या आसपास धरला. पहिले दोन आकडे निदान विचारात घेण्याजोगे आहेत. पाच लाखांचा आकडा मात्र पोटाच्या हिशेबाने पाहावा. धान्याच्या वाटा एकेक बंद होत गेलेल्या छावणीत पाच लाख तोंडे आणि हजारो जनावरे अडीच महिने कशी जगतील? एवढा साधा प्रश्न विचारला तरी तो आकडा डळमळतो. ‘लाख बांगडी फुटली’ हे लोकांच्या तोंडचे वाक्य घराघरांतल्या आकांताचे मोजमाप आहे. ते मेलेल्यांच्या यादीत घालू नये.

अलीकडे सगळ्यात जास्त फिरणारा दाखला अब्दालीचा. जयपूरच्या माधोसिंगाला त्याने विजयाचे वर्तमान कळवले, त्यात मराठ्यांच्या शौर्याची तारीफ आहे, आणि ती वाचून आजही ऊर भरून येतो. शत्रूने केलेली स्तुती म्हणून ती खरीच, असा आपला सरळ तर्क. परंतु फत्तेनामा कशासाठी लिहितात? आपण केवढ्या बलाढ्य शत्रूला लोळवले हे राजेरजवाड्यांना कळावे म्हणून. शत्रू जितका शूर, तितका आपला विजय मोठा. शिवाय माधोसिंग हा मराठ्यांच्या चौथाईने गांजलेला राजा. त्याला आपल्या बाजूला ठेवणे अब्दालीच्या सोयीचे होते. मराठे शूरपणे लढले हे सिद्ध करायला अब्दालीच्या प्रमाणपत्राची गरजही नाही. खंदकातली उपासमार सोसून बाहेर पडलेल्या फौजेने दुपारपर्यंत अफगाणांची फळी मागे रेटली, हे शत्रूकडच्या हकिकतींतूनही दिसते.

साधनांची पारख ही अभ्यासिकेतली चैन नाही, हे पेशवाईला स्वतःच्या अनुभवाने कळले होते. भाऊंचे शिर नसलेले धड सापडल्याचे आणि खुणांवरून ते ओळखल्याचे काशीराज सांगतो. ती ओळख पुण्यात सगळ्यांना पटली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या तोवर सौभाग्यलेणे लेऊन राहिल्या. या संशयातूनच भाऊंचा तोतया उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो खोटा ठरला, कैदेत पडला, तरी १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून तो सुटला तेव्हा कोकणात त्याच्यामागे फौज जमली. अखेर त्याला पकडून पुण्याला आणले, पुन्हा चौकशी झाली आणि देहान्त शिक्षा दिली गेली. एका धडाविषयीच्या अपुऱ्या साक्षीने पंधरा वर्षांनी राज्य हादरवले.

आजही परिणाम होतातच. २०१९ मध्ये ‘पानिपत’ चित्रपट आला तेव्हा सूरजमलाच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली. पराभवानंतर थंडीत, उघड्यावाघड्या आलेल्या मराठ्यांना ज्याने आसरा दिला, त्याच्याविषयी आपण काय वाचून काय दाखवतो, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला, तो रास्त होता.

मग करायचे काय? सातवी-आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ असा असतो. भौतिक, लिखित, मौखिक, असे प्रकार मुले पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि पुढच्या पाठापासून साधन हा शब्द गायब होतो. त्याऐवजी त्याच मुलांसमोर मल्हाररावांच्या जाण्याविषयीचे बखरीतले आणि कैफियतीतले दोन उतारे शेजारी शेजारी ठेवावेत आणि विचारावे: हे कुणी लिहिले, कुणासाठी, किती वर्षांनी, आणि लिहिणारा तेव्हा कुठे उभा होता? तेरा वर्षांचे मूल याची उत्तरे देऊ शकते. पुरवण्यांनीही जानेवारीत लेख छापताना प्रत्येक संवादाखाली त्याचा उगम द्यावा. त्याला एक ओळ लागते. आणि मोडी वाचणारी माणसे वाढवावीत, कारण पेशवे दप्तरातल्या कागदांपैकी छापले गेले ते थोडेच आहेत. बाकीचे कागद अजून रुमालांत बांधलेले आहेत आणि ते उलगडून वाचणारे हात फार कमी आहेत.