विश्लेषण : धुके तेच, गाव नवे... ‘सायलेंट हिल एफ’वरून चाहत्यांचे दोन गट का पडले?

बंदूक नाही, अमेरिका नाही आणि मालिकेला जिचे नाव मिळाले ते गावही नाही. कोनामी कंपनीच्या गाजलेल्या हॉरर गेम मालिकेचा नवा भाग ‘सायलेंट हिल एफ’ २५ सप्टेंबर २०२५ रोजी प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस तसेच पीसीवर आला, तेव्हापासून चाहत्यांत जुंपली आहे. एका गटाला हा अनेक वर्षांतला सर्वोत्तम भाग वाटतो. दुसऱ्या गटाचे म्हणणे, गेम चांगला आहे, पण याला ‘सायलेंट हिल’ म्हणू नका. विक्रीवर याचा फारसा परिणाम झाला नाही. पहिल्या काही दिवसांतच १० लाखांचा टप्पा ओलांडल्याचे कोनामीने जाहीर केले. समीक्षकांचे सरासरी गुणही १०० पैकी ८५ च्या आसपास आहेत.

हा गेम पूर्ण खेळल्यावर माझे मत असे झाले की, नावावरून चाललेला वाद बिनकामाचा आहे. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर कमी बोलले जाते. मालिकेतली एक उत्तम गोष्ट या भागात आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायच्या रस्त्यावर निर्मात्यांनी मारामारीचा टोलनाका उभा केला आहे. (कथेचा शेवट येथे सांगितलेला नाही. बिनधास्त वाचा.)

मुळात ही मालिका काय आहे?

पहिला ‘सायलेंट हिल’ १९९९ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आला. हरवलेल्या मुलीला शोधत एक बाप धुक्यात बुडालेल्या अमेरिकी गावात फिरतो, एवढीच सुरुवात. त्या काळात हॉरर गेम म्हणजे झोम्बी आणि गोळीबार. इथे नायक साधा लेखक होता, त्याचा नेमही यथातथाच.

यातले प्रसिद्ध धुके ही तांत्रिक अडचणीतून निघालेली वाट होती. त्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ एमबी. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ‘गुड मॉर्निंग’चा व्हिडिओ त्याहून मोठा असतो. एवढ्या मेमरीत लांबवरचे रस्ते आणि इमारती एकाच वेळी काढणे यंत्राला झेपत नाही. मग काही फुटांपलीकडचे सगळे धुक्यात आणि अंधारात झाकून टाकायचे. दिसत नाही म्हणून काढावे लागत नाही. आणि दिसत नाही म्हणूनच खेळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मर्यादेतून वाट काढण्याचे इतके देखणे उदाहरण मला कुणी शिकवले नव्हते.

२००१ च्या दुसऱ्या भागाने मालिकेला खोली दिली. मेलेल्या बायकोचे पत्र येते म्हणून जेम्स नावाचा माणूस त्या गावात जातो आणि समोर येणारे राक्षस त्याच्याच अपराधी मनातून उगवलेले असतात. राक्षस बाहेरून येत नाहीत, माणूस ते सोबत घेऊन येतो, ही मालिकेची ओळख तेव्हापासून पक्की झाली. पुढे मात्र घसरण लागली. २००७ पासून मालिकेचे काम ब्रिटन, अमेरिका, चेक प्रजासत्ताक अशा ठिकाणच्या स्टुडिओंकडे फिरत राहिले. २०१४ मध्ये ‘पी.टी.’ या छोट्याशा झलकेने जगाला घाबरवले, पण ज्या गेमची ती झलक होती तो दुसऱ्याच वर्षी रद्द झाला. २०१२ च्या ‘डाऊनपोर’नंतर पूर्ण नवी कथा असलेला मोठा भाग आलाच नव्हता. २०२४ मध्ये दुसऱ्या भागाची नव्याने बनवलेली आवृत्ती आली आणि गाजली. त्या पार्श्वभूमीवर ‘एफ’कडून अपेक्षा किती असतील, याचा अंदाज यावा.

‘एफ’मध्ये वेगळे काय?

काळ १९६० च्या दशकातला, स्थळ जपानमधले एबिसुगाओका हे काल्पनिक गाव. हे गाव गिफू प्रांतातल्या गेरो शहराच्या कानायामा भागावरून बेतलेले आहे. अरुंद बोळ, लाकडी घरे, मधेच ओढा, कडेला छोटी देवळे. शाळकरी मुलगी शिमिझू हिनाको घरातले भांडण टाकून बाहेर पडते, मैत्रिणींना भेटते आणि गावात धुके उतरते. धुक्यासोबत येतात लाल फुले, भिंतींवर, रस्त्यांवर, माणसांच्या अंगावर. ही जपानमधली हिगानबाना, तिथे मरणाशी आणि स्मशानाशी जोडलेली. ती फुलतात सप्टेंबरच्या अखेरीस. गेम त्याच आठवड्यात आला, हा योगायोग असेल असे मला तरी वाटत नाही.

गेम तैवानच्या निओबार्ड्स स्टुडिओने बनवला. कथा र्‍युकिशी०७ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी लेखकाची आहे. ‘हिगुराशी’ या मालिकेत त्याने असेच एक छोटे, गोड वाटणारे गाव घेऊन वाचकांची झोप उडवली होती. जपानमध्ये १८ वर्षांवरील प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेला मालिकेतला हा पहिलाच भाग आहे. सुरुवातीलाच पडद्यावर सूचना येते : लिंगभेद, मुलांचा छळ, अमली पदार्थांमुळे होणारे भास, क्रूर हिंसा. ती सूचना गांभीर्याने घ्या. काही दृश्ये मलाही बघवली नाहीत.

गाव नाही, मग ‘सायलेंट हिल’ कसे?

हा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो आणि मालिकेच्या इतिहासातच तो टिकत नाही. २००३ च्या तिसऱ्या भागाचा जवळपास अर्धा खेळ त्या गावाबाहेर, एका मॉलपासून सुरू होऊन शहरात घडतो. २००४ चा चौथा भाग तर दुसऱ्याच शहरातल्या एका बंद फ्लॅटमध्ये. तेव्हा तक्रारी झाल्या, पण आज त्या दोन्ही भागांना कुणी मालिकेबाहेर काढत नाही.

शिवाय ते मूळ अमेरिकी गाव तरी किती अमेरिकी होते? ते टोकियोतल्या जपानी तरुणांनी पुस्तके आणि सिनेमे पाहून रचलेले गाव. रस्त्यांची नावेसुद्धा मॅथिसन, ब्लॉक, ब्रॅडबरी अशी, लेखकांवरून ठेवलेली. जपान्यांच्या मनातली अमेरिका होती ती. नंतर पाश्चात्त्य स्टुडिओंनी त्या कल्पनेची नक्कल केली आणि प्रत्येक नकलेत रंग फिका होत गेला. ‘एफ’ पहिल्यांदाच स्वतःच्या घरातली भीती घेऊन आला आहे. मला तो याच कारणाने मूळ भागांच्या जवळचा वाटतो.

हिनाको कशाला घाबरते?

लग्नाला. थोडक्यात सांगायचे तर एवढेच, आणि यात कथेचा कुठलाही गौप्यस्फोट नाही, पहिल्या तासाभरात ते कळते. वडील दारू पिऊन आवाज चढवतात, आई मान खाली घालून ऐकते. मोठी बहीण लग्न करून गेली आणि हिनाकोच्या लेखी ती जणू हरवलीच. मुलांच्यात खेळणारी, धावणारी ही मुलगी आता ‘मुलीसारखी’ वागायला हवी, असे सगळ्यांना वाटते. तिचे काय ठरवायचे, ते बाकीचे ठरवणार.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे मुलगी ‘उजवायची’ असते, लग्न ‘उरकायचे’ असते. या क्रियापदांत मुलगी कर्ता कधीच नसते. गेममध्ये कोल्ह्याचा मुखवटा घातलेला एक देखणा पुरुष हिनाकोला एका अंधाऱ्या देवळातून पुढे नेतो. तो प्रेमाने बोलतो, काळजी घेतो आणि एकेक विधी पूर्ण करायला लावतो. धुक्यातल्या राक्षसांपेक्षा मला त्याच्या मऊ आवाजाची भीती जास्त वाटली. लग्नविधींना छळाचे रूप देणारे त्या देवळातले प्रसंग या मालिकेने आजवर दाखवलेल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या प्रसंगांपैकी आहेत. ते नुसते किळसवाणे नाहीत. प्रत्येक वेळी हिनाकोचे काहीतरी कायमचे जाते आणि आजूबाजूचे सगळे त्याला मंगल म्हणतात.

मग बिघडते कुठे?

लढाईत. बंदूक काढून टाकली हे छानच झाले. हिनाकोच्या हातात लोखंडी पाइप, बॅट, विळा, कुऱ्हाड, जे सापडेल ते. शस्त्रे वापरून वापरून मोडतात. पळताना, मारताना दम लागतो. एका वेळी तीनच शस्त्रे बाळगता येतात. शत्रू मारून काही बक्षीस मिळत नाही, त्यामुळे शहाणा खेळाडू पळून जातो. इथवर सगळे भीतीच्या बाजूचे आहे.

पण यावर आणखी एक थर चढवला आहे. शत्रूचा वार होण्याच्या नेमक्या क्षणी बाजूला झालात तर हिनाकोचा दम भरून येतो. शत्रू चमकला की त्याच क्षणी प्रतिवार करायचा. म्हणजे तासा-दोन तासांत तुम्ही राक्षसाकडे राक्षस म्हणून बघतच नाही, सिग्नल म्हणून बघता. लाल, हिरवा, दाबा बटण. पहिल्यांदा ती चाकू घेतलेली, झटके देत चालणारी बाहुलीसारखी बाई समोर आली तेव्हा माझा हात कापत होता. पंधराव्यांदा आली तेव्हा मी तिच्या झटक्यांचा ताल मोजत होतो. त्यात बोळ अरुंद, कॅमेरा भिंतीत घुसतो आणि मार कुठून बसला ते कळत नाही. उत्तरार्धात तर पळायची सोयही काही ठिकाणी काढून घेतली जाते. दार बंद, इतके शत्रू मारा, मग पुढे जा.

याउलट भातशेतातला प्रसंग आठवा. धुक्यात शाळेच्या गणवेशातली बुजगावणी उभी. चिठ्ठीतला मजकूर वाचून त्यातले योग्य ते ओळखायचे. चुकलात तर ते जिवंत होते. इथे लढाईचे कौशल्य शून्य, पण मी प्रत्येक बुजगावण्यासमोर पाच-पाच मिनिटे घुटमळलो. ज्या टीमला हे जमते, तिने शत्रूंचे घोळके का सोडावेत? निर्मात्यांनी अवघड अ‍ॅक्शन गेम आवडणारे तरुण खेळाडू डोळ्यांसमोर ठेवले, हे उघड दिसते. तसा विचार करायला हरकत नाही. पण मग भीतीचे गणित पुन्हा मांडायला हवे होते.

दोन-तीनदा खेळायचे?

टोलनाक्याची खरी झळ इथे बसते. गेमला पाच शेवट आहेत आणि पहिल्या फेरीत एकच शेवट मिळतो, तुम्ही काहीही करा. मला पहिल्या फेरीला साधारण ११ तास लागले. शेवट पाहून अर्धे काही कळले नाही. दुसऱ्या फेरीत मात्र नवी दृश्ये, नव्या चिठ्ठ्या येतात आणि आधी ऐकलेल्या वाक्यांचा अर्थ फिरतो. कोण काय लपवत होते, हिनाको नेमकी कशापासून पळत होती, ते आता कळू लागते. कथा म्हणून ही रचना धाडसी आहे आणि मला ती मान्य आहे. आपल्यावर लादलेल्या गोष्टीतून बाहेर पडायला हिनाकोला एक खेप पुरत नाही, आपल्यालाही पुरू नये, हे ठीकच.

पण कथा दुसऱ्यांदा ऐकायला मी तयार आहे. तीच बंद दारे, तेच घोळके दुसऱ्या, तिसऱ्यांदा? आधी पाहिलेली दृश्ये पुढे ढकलता येतात, लढाया येत नाहीत. त्यामुळे अनेक जण पहिल्या शेवटावर थांबणार आणि उरलेले यूट्यूबवर पाहणार. माझ्या ओळखीतल्या चौघांपैकी तिघांनी तेच केले. त्यांच्या मते हा एका गोंधळलेल्या मुलीचा अर्धवट गेम आहे. हिनाकोवर हा अन्याय आहे. तिचे स्वतःचे म्हणणे दुसऱ्या फेरीपासूनच ऐकू येऊ लागते.

खेळायचा असेल तर...

अमेरिकेत गेमची किंमत ७० डॉलर आहे, म्हणजे विचार करूनच घ्यावा असा खर्च. सेलची वाट पाहिली तरी काही बिघडत नाही. मोबाइलवर हा गेम नाही.

सुरू करताना लढाई आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी निवडता येते. लढाई ‘स्टोरी’वर ठेवा, कोडी ‘हार्ड’वर. लढाई सोपी ठेवण्यात कमीपणा मानू नका, टोल कमी भरल्याने प्रवास छोटा होत नाही. आवाज जपानी ठेवून सबटायटल्स लावा, इंग्रजी आवाजात त्या घरातला धाक उतरत नाही. देवळांपाशी वस्तू अर्पण करून ताकद वाढवता येते, पण सगळी औषधे तिथे देऊन बसू नका. आणि पहिला शेवट आला की लगेच गेम काढून टाकू नका. दुसऱ्या फेरीचा निदान पहिला तास खेळा, मग काय ते ठरवा.